नाव राखून ठेवण्याचा हक्क

१

"गुरुजी, हे नाव तुम्हाला मिळायचं नाही. ते आधीच नोंदलेलं आहे."

जिल्ह्याच्या गावी संस्था-नोंदणीच्या कचेरीत २०१९ साली एका भाऊसाहेबांनी मला हे उत्तर दिले. आम्ही चौदा-पंधरा माणसे, त्यांत निवृत्त शिक्षक, दोन एस.टी.तले कर्मचारी, एक नर्सबाई आणि कॉलेजात शिकणारी चार मुले, आमच्या तालुक्याच्या गावचे बंद पडलेले वसतिगृह पुन्हा उघडावे म्हणून धडपडत होतो. वसतिगृह म्हणजे दोन खोल्या, पत्र्याची पडवी आणि मागे थोडी पडीक जमीन. मी स्वतः त्या पडवीत राहून मॅट्रिक झालो. संस्थेचे कागद कोणापाशीच सापडेनात, म्हणून त्याच नावाने नव्याने नोंदणी करावी असे आम्ही ठरवले होते.

नाव कोणी घेतले, असे मी विचारले. भाऊसाहेबांनी बराच वेळ शोधून जुनी नोंद काढली. १९५३ साल. खाली सात नावे, पाच सह्या, दोन अंगठे. पाचवे नाव माझ्या थोरल्या चुलत्यांचे होते. सातही माणसे केव्हाच वारलेली. त्यांच्या मागून कोणी कार्यकारी मंडळाची यादी दाखल केली नव्हती, मृत्यू कळवले नव्हते, नवी निवडणूक नोंदवली नव्हती. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते नाव अजून त्या सातजणांपाशीच होते. ते आम्हाला मिळत नव्हते, कारण आमच्याच माणसांनी ते राखून ठेवले होते.

भाऊसाहेब तसे भले गृहस्थ. त्यांनी मला वाट दाखवली. "कशाला त्या जुन्याच्या मागे लागता? नवीन नाव सुचवा. आणि 'बहिष्कृत' हा शब्द आता कशाला? चांगलंसं एखादं नाव घ्या."

चांगलेसे नाव. हे शब्द घेऊन मी एस.टी.त बसलो आणि घरी येईपर्यंत तेच मनात घोळत राहिले. आमच्या माणसांना चांगलेसे नाव घ्यायला ह्या देशात कोणी केव्हा सांगितले होते? आणि ज्यांना नाव निवडण्याची पहिली संधी मिळाली त्या सातजणांनी १९५३ साली, घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्यावरही, 'बहिष्कृत' हाच शब्द का निवडला असेल? हा लेख त्या दोन प्रश्नांतून निघाला आहे.

२

नावे राखून ठेवण्याचा ह्या भूमीवरील सर्वांत जुना कायदा कोणत्याही निबंधकाने केलेला नाही. तो मनूने केला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे. त्यापुढचा श्लोक शूद्राच्या नावात दास्य दिसले पाहिजे असे सांगतो. म्हणजे मंगल, बल आणि धन हे तिन्ही शब्दांचे साठे वरच्यांसाठी राखीव. उरलेली घाण तेवढी खालच्यांसाठी. अतिशूद्र तर ह्या चार खान्यांतही नव्हता. त्याचे नाव काय असावे हे सांगण्याची मनूला गरजच वाटली नाही.

आमच्या वाड्यांत दगडू, धोंडू, कचरू ही नावे कशी आली याचे एक सोपे उत्तर दिले जाते. मूल जगावे, नजर लागू नये, म्हणून असे नाव ठेवीत आणि हा प्रघात सर्व जातींत होता. ते खरेही आहे. पण सवर्णांचा धोंडू मोठा झाला की धोंडोपंत होई, आणि आमचा धोंडू सत्तर वर्षांचा झाला तरी पाटलाच्या पोराच्या तोंडी 'धोंड्या'च राही. नाव एकच. ते कसे उच्चारायचे, त्याला 'पंत' लावायचे की 'या', हे ठरवण्याचा हक्क मात्र दुसऱ्याच्या हातात. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावे आहेत. आपल्या पूर्वजांची नावे पूर्ण, आदराने आणि टिकाऊ दगडावर लिहिली गेली, ती गावात नव्हे, तर पलटणीच्या यादीवरून. ह्या एका गोष्टीत बरेच काही सांगितले गेले आहे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेव्हा पाण्याच्या आणि देवळाच्या बंदीइतकीच ही नावांची बंदीही त्या आगीत गेली, असे मी मानतो. पण ग्रंथ जाळल्याने बंदी मनातून जाते, व्यवहारातून जायला दुसरा कागद लागतो. तो कागद कोठे मिळाला ते पाहू.

३

१८६० चा एकविसावा कायदा, म्हणजे सोसायटीज रजिस्ट्रेशन अॅक्ट, हा काही दलितांच्या कळवळ्याने झालेला नाही. विलायतेत १८५४ मध्ये वाङ्मयीन आणि शास्त्रीय संस्थांसाठी एक कायदा झाला होता, त्याच्या धर्तीवर कंपनी सरकार गेल्यानंतर दोनच वर्षांनी तो इथे आला. वाचनालये, वस्तुसंग्रहालये, विद्वत्सभा आणि धर्मादाय मंडळ्या यांना मालमत्ता बाळगता यावी आणि कोर्टात उभे राहता यावे एवढाच त्याचा हेतू. त्याचा फायदा आधी कोणी घेतला असेल हे सांगायला नको.

परंतु कायद्याची भाषा पाहा. कोणतीही सात किंवा अधिक माणसे वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा धर्मादाय हेतूने एकत्र आली, तर त्यांनी एका ज्ञापनावर सह्या कराव्यात. ज्ञापनात तीन गोष्टी हव्यात: संस्थेचे नाव, संस्थेचे उद्देश, आणि कारभार पाहणाऱ्यांची नावे, पत्ते व व्यवसाय. सोबत नियमांची प्रत. मूळ कायद्यात नोंदणीची फी पन्नास रुपये. बस्स. जातीचा रकाना नाही. धर्माचा रकाना नाही. सात माणसे कोणाच्या पंक्तीला बसतात, कोणाच्या विहिरीवर पाणी भरतात, हे निबंधकाने विचारायचे नाही. आणि पहिलीच ओळ आहे नावाची. ते नाव अर्जदारांनी स्वतः लिहायचे.

ह्या कायद्याची थोरवी मी गातो असे समजू नये. ज्या माणसाच्या हाताला मजुरीचे चार आणे मिळत त्याला पन्नास रुपये ही भिंतच होती. लिहिता-वाचता येणारी माणसे वाडीत शोधावी लागत. कचेरीतला कारकून सवर्ण असे आणि कागद दुरूनच टाकायला सांगे, अशा आठवणी आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्या आहेत. पण गावाच्या रिवाजाने ज्याचे नाव दुसराच ठरवीत असे, त्याला सरकारी कागदावर स्वतःच्या संघटनेचे नाव स्वतः लिहिण्याची जागा इथे प्रथम मिळाली. एका माणसाचे नाव बाप ठेवतो आणि गाव बिघडवतो. संस्थेचे नाव सातजण ठेवतात, आणि एकदा नोंदले की ते गावाला बिघडवता येत नाही. पावतीवर, सातबाऱ्यावर, कोर्टाच्या दाव्यात ते जसे लिहिले तसेच घ्यावे लागते.

४

नोंदणीच्या कायद्याबरोबर, आणि पुष्कळदा त्याच्या आधी आणि बाहेरही, आपल्या चळवळीने संस्थांना कोणती नावे दिली, ती एका ओळीत मांडून पाहिली की एक इतिहास दिसतो.

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या समाजाच्या नावात कोणतीही जात नव्हती, होता तो सत्याचा शोध. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोपाळबाबा वलंगकरांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' काढली. ज्या 'अनार्य' शब्दाने आम्हाला हिणवले, तोच त्यांनी संस्थेच्या माथ्यावर घेतला आणि दोष आमचा नव्हे, आमच्यावर लादलेला आहे, त्याचा परिहार करायचा आहे, असे नावातच सांगितले. त्याच काळात मद्रासकडे रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ मध्ये पत्र काढले, त्याचे नाव 'परैयन'. जी शिवी होती ती त्यांनी मथळ्यावर छापली. दोन टोकांना बसलेल्या दोन माणसांना एकच गोष्ट सुचली होती.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' सुरू केले. शिंद्यांची तळमळ खरी होती आणि ते काम मोठे होते, याविषयी दुमत नको. पण तिचे मराठी नाव पाहा: 'निराश्रित साह्यकारी मंडळी'. इंग्रजीत आम्ही दडपलेले होतो, मराठीत आलो तेव्हा निराश्रित झालो. दडपलेल्या माणसाला दडपणारा कोणीतरी असतो. निराश्रिताला तसा कोणी नसतो, त्याला फक्त आश्रय देणारा हवा असतो. भाषांतरात अत्याचारी नाहीसा झाला आणि दाता उरला.

ह्या पार्श्वभूमीवर २० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या 'बहिष्कृत हितकारिणी सभे'चे नाव वाचावे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 'बहिष्कृत' हा शब्द 'निराश्रित' ह्या शब्दाला दिलेले उत्तर आहे. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. नाव घेताच आरोपपत्र वाचले जाते. १९२७ मध्ये पाक्षिक निघाले तेही 'बहिष्कृत भारत'. सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले. आमच्या सातजणांनी पुढे अठ्ठावीस वर्षांनी हा शब्द उचलला तो कोठून, हे आता सांगायला नको. ते दैन्य मिरवीत नव्हते. ते साक्ष नोंदवीत होते.

पण बाबासाहेब त्या शब्दापाशी थांबले नाहीत, हे आपले पुष्कळ अभ्यासक विसरतात. गोलमेज परिषदेच्या वेळी नोव्हेंबर १९३१ मध्ये त्यांनी आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी मिळून जे पुरवणी निवेदन दिले, त्यात 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नावच बदला अशी मागणी आहे. जातिबाह्य हिंदू, प्रोटेस्टंट हिंदू किंवा नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू असे पर्याय त्यांनी सुचवले. ज्या श्रीनिवासनांनी अडतीस वर्षांपूर्वी 'परैयन' छापले होते, तेच आता सही करून म्हणत होते की हे नाव आम्हाला नको. यात विसंगती नाही. शिवी अंगावर घेऊन झेंडा करणे हा एक टप्पा असतो. झेंडा खाली ठेवून दुसरा उभारण्याचा अधिकारही ज्याने तो उचलला त्याचाच असतो.

५

ह्याच सुमारास दुसऱ्या बाजूने आमच्यासाठी एक नाव तयार होत होते. पुणे करारानंतर ३० सप्टेंबर १९३२ रोजी मुंबईच्या सभेतून अखिल भारतीय अस्पृश्यताविरोधी संघ निघाला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर चिटणीस. ह्या संघाचे नाव थोड्याच काळात बदलत गेले आणि शेवटी ते 'हरिजन सेवक संघ' झाले. बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहून कार्यक्रम सुचवला होता. पुढे ते त्या संघात राहिले नाहीत. संघाचा कारभार सवर्णांनीच करावा, कारण हे त्यांचे प्रायश्चित्त आहे, अशी गांधीजींची भूमिका होती.

आता नावाकडे पाहा. पहिल्या नावात अस्पृश्यता हा शत्रू होता. शेवटच्या नावात शत्रू गेला आणि राहिले दोघे: हरिजन आणि त्याचा सेवक. संस्था आमच्या नावाने, नाव त्यांनी ठेवलेले, चालवणारेही तेच. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या विधेयकात 'हरिजन' हा शब्द घालायचा प्रयत्न झाला तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने त्याला विरोध केला, भाऊराव गायकवाड बोलले, आणि म्हणणे मान्य होईना तेव्हा पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! त्या वेळी पुष्कळांना तो हट्ट वाटला असेल. पण ज्यांनी मनूचा नामकरणाचा नियम वाचला होता त्यांना ठाऊक होते की दुसऱ्याने गोड शब्दांत ठेवलेले नाव हेही ठेवलेलेच नाव असते.

६

यानंतरचा प्रवास वेगाने झाला. १९२८ मध्ये 'डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी'. १९४२ मध्ये नागपूरला 'शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन', म्हणजे १९३५ च्या कायद्यातला शब्द उचलून त्याच्याच बळावर राजकीय हक्क मागणे. आणि ८ जुलै १९४५ रोजी 'पीपल्स एज्युकेशन सोसायटी'.

सतरा वर्षांत 'डिप्रेस्ड क्लासेस' गेले आणि 'पीपल्स' आले. शिक्षणसंस्था म्हणून उद्देश तोच, विद्यार्थी पुष्कळसे तेच, संस्थापकही तेच. तरीही नावातून वर्ग गेला, जात गेली, दया गेली, आणि सबंध लोक आले. ज्यांना गावाने 'लोकां'त कधी मोजले नव्हते त्यांनी आपल्या संस्थेचे नाव 'लोकांची' ठेवले. यापेक्षा मोठा विद्रोह कोणत्या कवितेत आहे? १९४६ मध्ये मुंबईत कॉलेज निघाले त्याचे नाव सिद्धार्थ. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन. १९५६ चे धर्मांतर दहा वर्षे दूर होते, पण नावांचे धर्मांतर आधीच सुरू झाले होते. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. ज्या मुलांना शाळेत प्रश्न विचारला की छडी मिळे, त्यांच्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले गेले.

४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभेची मुंबईत नोंदणी झाली. नागपूरच्या दीक्षेला अजून सतरा महिने होते. धम्म स्वीकारण्याआधी बाबासाहेबांनी धम्माच्या संस्थेचे नाव कायद्याच्या कागदावर आणले, हा क्रम आपल्या कार्यकर्त्यांनी मनात ठेवावा असा आहे. कायदेपंडित माणसाला माहीत होते की भावना ओसरते, पुढारी जातो, पण नोंदलेले नाव मागे राहते आणि पुढच्या पिढीला त्याचे दार ठोठावता येते.

७

नोंदलेले नाव राहते, हे खरे. पण कोणापाशी राहते? इथे आपल्या चळवळीने स्वतःला विचारायला हवे असे काही प्रश्न आहेत, आणि ते टाळण्यात अर्थ नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष जन्मला. नावात जात नाही, धर्म नाही, प्रजासत्ताक आहे. आणि काही वर्षांतच त्या नावापुढे कंस आले, कंसात पुढाऱ्यांची आडनावे आली. सबंध प्रजेचे नाव एकेका आडनावाच्या कंसात बसले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७७ मध्ये राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी ती बरखास्त झाल्याचे जाहीर केले, आणि दुसऱ्या तरुणांनी 'भारतीय दलित पँथर' म्हणून काम पुढे नेले. बरखास्त करणाऱ्यांचा अधिकार खरा की पुढे नेणाऱ्यांचा, हा वाद मी इथे सोडवणार नाही. चळवळीचे नाव कोणाचे, हा प्रश्न चळवळीच्या जोरावर सुटतो. संस्थेचे नाव कोणाचे, हा प्रश्न फाइलीवर सुटतो. आपण फाइलीचे प्रश्न जोरावर आणि जोराचे प्रश्न फाइलीवर सोडवायला गेलो, आणि दोन्हीकडे हरलो, असे मला वाटते.

कागदाची किंमत नामांतराने आपल्याला रक्त सांडून शिकवली. विद्यापीठ ही सातजणांची संस्था नव्हे, ते कायद्याने जन्मते आणि त्याचे नाव कायद्याच्या मजकुरात असते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठरावाची बातमी पोचताच मराठवाड्यात वस्त्या जळल्या, पोचीराम कांबळ्यांसारखी माणसे मारली गेली, आणि कायद्यातला मजकूर जसाच्या तसा राहिला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव आले, तेही 'मराठवाडा' हा शब्द ठेवून, नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणून. तोंडी मान्यता आणि कायद्यातला शब्द यांच्यामधले अंतर साडेपंधरा वर्षांचे होते. ज्याला वाटते की नाव ही क्षुल्लक बाब आहे, त्याने हे अंतर पायी चालून पाहावे.

८

आज नाव राखण्याच्या नव्या वाटा निघाल्या आहेत. आमच्या गटातल्या एका मुलाने मला मोबाइलवर दाखवले. "सर, संस्थेपेक्षा सेक्शन आठची कंपनी काढू. कचेरीत खेटे घालायला नकोत."

तो सांगत होता ते बरोबर होते. कंपनी कायदा, २०१३ च्या आठव्या कलमाखाली नफा न वाटणारी, समाजोपयोगी कंपनी काढता येते. जुन्या १९५६ च्या कायद्यात हेच पंचविसावे कलम होते. एक हजार रुपये भरून दोन नावे सुचवायची. त्यांतले एक मान्य झाले की मान्यतेपासून वीस दिवस ते तुमच्यासाठी राखून ठेवले जाते. तेवढ्यात कंपनी उभी केली तर नाव तुमचे, नाही तर मोकळे. नावात फाउंडेशन, फोरम, असोसिएशन, फेडरेशन असा एखादा शब्द हवा. आधीच्या कंपनीच्या नावाशी फार सारखे असेल तर ते नाकारले जाते. संस्था-नोंदणीतही आज महाराष्ट्रात तसेच आहे. १८६० च्या मूळ कायद्यात सारख्या नावांविषयी चकार शब्द नव्हता. आज फसगत होईल इतके जवळचे नाव निबंधक नाकारू शकतो. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने तर काही नावे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारी वापरासाठी कोणालाच मिळत नाहीत. त्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे आहेत.

पण त्या मुलाने दाखवलेल्या कंपनी-नियमांत एक ओळ मला अडवून गेली. लोकांच्या कोणत्याही विभागाला आक्षेपार्ह वाटेल असा शब्द नावात नसावा. नियम योग्यच आहे. आमच्या जातींची नावे शिवीसारखी वापरून कोणी कंपनी काढू नये म्हणून तो हवाच. परंतु मी त्या मुलाला विचारले, "समज, आपण 'बहिष्कृत' लिहिलं, तर ते कोणाला आक्षेपार्ह वाटेल? ज्यांच्यावर बहिष्कार पडला त्यांना, की ज्यांनी तो टाकला त्यांना?" तो हसला आणि म्हणाला, "सर, हे त्या अर्जात लिहायला जागाच नाही."

त्याची गोष्टही मला समजत होती. कंपन्यांकडून सामाजिक कामासाठी पैसे मागायला जायचे तर असले नाव घेऊन कोणत्या दारात उभे राहायचे? २०१८ मध्ये तर केंद्र सरकारने खासगी वाहिन्यांना 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणा अशी सूचना केली. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. हा दुसरा निर्णय मला मान्य आहे. महारवाडा हे नाव गावाने ठेवले होते, ते जायलाच हवे. पण महारवाडा आणि बहिष्कृत हितकारिणी ही एकाच जातीची नावे नाहीत. एक दुसऱ्याने आमच्यावर टाकलेले, दुसरे आम्ही दुसऱ्याच्या समोर धरलेले. शब्द धुऊन काढताना हा फरक जे पाहत नाहीत, ते डागाबरोबर साक्षही धुऊन टाकतात.

९

अखेर आम्ही नवे नाव घेतले नाही. जुने नाव आमच्या माणसांपाशी होते, तर त्यांच्याकडून ते वारसा म्हणून घ्यायचे, असे ठरले. हे सांगायला सोपे आहे. सातजणांचे मृत्यूचे दाखले गोळा करायला सात महिने लागले. दोघांच्या मृत्यूची नोंदच नव्हती. सार्वजनिक न्यास कायद्याच्या बावीसाव्या कलमाप्रमाणे विश्वस्तांतला बदल नव्वद दिवसांत कळवायचा असतो. आमचा बदल कळवायला काही दशकांचा उशीर झाला होता, त्याची माफी मागणारा अर्ज वेगळा. वकिलाची फी गावातल्या पोरांनी जयंतीच्या वर्गणीतून वाचवून दिली. दोन वर्षे डी.जे. लावला नाही.

मग सभा झाली आणि तिथे नावावरून वाद झालाच. तरुण म्हणाले, बदला. म्हातारे म्हणाले, हात लावाल तर याद राखा. माझी थोरली चुलती, पाचव्या सहीवाल्याची बायको, नव्वदीच्या घरात आहे. तिला मुद्दाम खुर्ची देऊन बसवले होते. तिला विचारले तर ती म्हणाली, "त्यानी सही शिकून केली होती मास्तर. पंधरा दिवस पाटीवर गिरवत बसायचे रातीचे. आता तुमी सगळी शिकली. ठेवायचं तर ठेवा, बदलायचं तर बदला. पर आपल्या हातानं करा."

नाव राहिले आहे. पुढच्या पिढीला ते बदलायचे असेल तर नियमाप्रमाणे सभा बोलवावी, ठराव करावा, नवे नाव विचारपूर्वक निवडावे आणि ते नोंदवावे. बाबासाहेबांनीच तसे केले. 'डिप्रेस्ड क्लासेस'पासून 'पीपल्स'पर्यंतचा रस्ता त्यांनी एकेक संस्था उभी करून काढला. बदल हा अपराध नाही. विसरणे हा आहे. ठराव करून बदललेले नाव इतिहासात जाते. दुर्लक्षाने गेलेले नाव मात्र कचेरीच्या कपाटात मेलेल्या माणसांच्या स्वाधीन पडून राहते, आणि त्याबरोबर जमीन, खोल्या आणि पडवीही.

जे शिक्षक आणि कार्यकर्ते हा लेख वाचत असतील त्यांना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या तालुक्यात १९३० ते १९६० ह्या काळात आपल्या माणसांनी काढलेले एखादे वसतिगृह, वाचनालय, मंडळ नक्की असेल. त्याचा नोंदणी क्रमांक शोधा. ज्ञापनाची नक्कल काढा. पहिली ओळ वाचा, नावाची. मग खालच्या सह्या वाचा आणि व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिले आहे तेही वाचा. आमच्या नकलेत माझ्या चुलत्यांच्या नावापुढे 'मोलमजुरी' असे लिहिले आहे. मोलमजुरी करणाऱ्या माणसाने एका संस्थेला नाव दिले आणि ते सहासष्ट वर्षे कोणालाही घेता आले नाही. आपला इतिहास लिहायला बसणाऱ्यांनी ग्रंथालयाबरोबर ह्या कपाटांकडेही जायला हवे.